यानाच्या भिंतीतली टक्कर : वैश्विक किरण, अणुकेंद्रक आणि खानदेशात पडलेले दोन दगड

अंतराळयानाच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर एखादा वेगवान प्रोटॉन आदळला, तर बहुतेक वेळा तो आरपार निघून जातो. वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवताना त्याची थोडी ऊर्जा खर्च होते, एवढेच. क्वचित मात्र तो थेट एखाद्या अणूच्या केंद्रकावर धडकतो आणि केंद्रक फुटते. न्यूट्रॉन, प्रोटॉन, अल्फा कण आणि केंद्रकाचे उरलेसुरले तुकडे चहूकडे उडतात. त्यातले काही यानाच्या आत शिरतात. म्हणजे यानातल्या उपकरणांवर आणि माणसांवर बाहेरून आलेल्या कणांचा मारा होतो, तसाच खुद्द भिंतीत जन्मलेल्या कणांचाही होतो. हा मारा किती आणि कसला असेल हे उड्डाणाआधी सांगायचे, तर केंद्रकांच्या या टकरींचे गणित मांडावे लागते. अंतराळ अभियांत्रिकीतल्या या शाखेत अणुकेंद्रकाचे भौतिकशास्त्र, संगणक आणि सांख्यिकी एकत्र येतात.

मारा कुठून होतो

अवकाशातले घातक कण मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. पहिले म्हणजे आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण. त्यांच्यातल्या केंद्रकांपैकी सुमारे ८७ टक्के प्रोटॉन, १२ टक्के हेलियमची केंद्रके आणि उरलेला एखादा टक्का कार्बनपासून लोहापर्यंतची जड केंद्रके असतात. हा शेवटचा टक्का दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पदार्थातून जाताना कण किती आयनीकरण करतो, हे त्याच्या विद्युतभाराच्या वर्गावर अवलंबून असते. लोहाच्या केंद्रकाचा भार २६, त्यामुळे तितक्याच वेगाच्या प्रोटॉनच्या ६७६ पट ऊर्जा ते वाटेत सोडत जाते.

दुसरा स्रोत सूर्य. सौरवादळात काही तासांत प्रचंड संख्येने प्रोटॉन सुटतात. ऑगस्ट १९७२ मध्ये असे एक मोठे वादळ झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अपोलो-१६ चंद्रावरून परतले होते आणि डिसेंबरमध्ये अपोलो-१७ निघायचे होते. वादळ या दोन मोहिमांच्या मधल्या काळात आले, म्हणून अंतराळवीर बचावले.

तिसरा स्रोत पृथ्वीभोवतीचे व्हॅन ॲलन पट्टे. १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ या उपग्रहामुळे त्यांचा शोध लागला. आतल्या पट्ट्यातले बरेचसे उच्च ऊर्जेचे प्रोटॉन हीसुद्धा केंद्रकीय टकरींचीच निपज आहे. वैश्विक किरण वातावरणातल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन उडतात, काही वर अवकाशाकडे जातात आणि वाटेतच त्यांचे प्रोटॉन होऊन ते चुंबकीय क्षेत्रात अडकतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भूकेंद्राशी तंतोतंत जुळलेले नसल्याने हा पट्टा दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलच्या वर बराच खाली उतरतो. तिथून जाताना हबल दुर्बीण आपली निरीक्षणे थांबवते.

टक्कर कशी होते

प्रोटॉन केंद्रकावर आदळला की दोन टप्प्यांत घडामोडी होतात. पहिला टप्पा अतिशय वेगवान, म्हणजे एका सेकंदाचे १ वर २२ शून्ये इतके भाग केले तर त्यातल्या साधारण एका भागाएवढा. येणारा कण केंद्रकातल्या एखाद्या प्रोटॉनला किंवा न्यूट्रॉनला धक्का देतो, तो पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला. कॅरमच्या पाटावर स्ट्रायकरने सोंगट्यांचा डाव फोडावा तसा हा प्रकार असतो. काही कण कडेने बाहेर फेकले जातात, काहींची ऊर्जा आतच मुरते. याला केंद्रकांतर्गत प्रपात म्हणतात. रॉबर्ट सर्बर यांनी १९४७ मध्ये ही कल्पना मांडली.

दुसरा टप्पा त्यामानाने सावकाश चालतो. प्रपातानंतर उरलेले केंद्रक तापलेले असते. ते न्यूट्रॉन, प्रोटॉन, अल्फा कण एकेक करून बाहेर टाकत थंड होते. या बाष्पीभवनाचे गणित व्हिक्टर वाइसकॉफ यांनी १९३७ मध्येच मांडले होते. या दोन टप्प्यांच्या मधल्या, ऊर्जा अजून समान वाटली न गेलेल्या अवस्थेसाठी १९६० च्या दशकात वेगळी प्रतिमाने तयार झाली. येणारा कण प्रोटॉनऐवजी लोहासारखे जड केंद्रक असेल, तर टकरीत दोन्ही केंद्रकांचा एकमेकांवर आलेला भाग खरवडला जातो आणि उरलेला तुकडा जवळपास त्याच वेगाने पुढे निघून जातो. त्याचे गणित पुन्हा निराळे.

एका टकरीतून नेमके काय बाहेर पडेल, हे आधी सांगता येत नाही. सांगता येते ती शक्यता. म्हणून इथे मॉन्टे कार्लो पद्धत वापरतात. प्रत्येक टप्प्यावर यादृच्छिक आकडा घेऊन कण कुठे वळला, कुणावर आदळला, काय फुटले हे ठरवायचे आणि अशा लाखो कहाण्या संगणकात घडवून त्यांची सरासरी काढायची. १९४८ मध्ये मार्विन गोल्डबर्गर यांनी असे प्रपात हाताने आकडेमोड करून काढले होते. दहा वर्षांनी मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी तेच काम मॅनिॲक संगणकावर नेले.

किती टकरी होतात

टकरीची शक्यता काटछेदाने मोजतात. आदळणाऱ्या कणाला समोरचे केंद्रक केवढ्या क्षेत्रफळाचे लक्ष्य वाटते, तो हा आकडा. त्याचे एकक बार्न. वेगवान प्रोटॉन आणि ॲल्युमिनियमचे केंद्रक यांच्यासाठी हा काटछेद साधारण अर्धा बार्न भरतो. घन ॲल्युमिनियममध्ये अणू किती दाटीने बसलेले आहेत हे त्यात धरले, की असा प्रोटॉन सरासरी ४० सेंटिमीटर गेल्यावर त्याची एक केंद्रकीय टक्कर होते असे उत्तर येते. यानाची भिंत ३ मिलिमीटरची असेल, तर १००० प्रोटॉनपैकी सात-आठच तिच्यात केंद्रकावर आदळतील. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण सबंध यान, त्याच्या टाक्या, बॅटऱ्या, उपकरणांच्या पेट्या मिळून वाटेतली जाडी कित्येक सेंटिमीटर होते, आणि वैश्विक किरणांचा मारा वर्षानुवर्षे अखंड चालू असतो.

भिंत जाड केली की प्रश्न सुटत का नाही, हेही याच आकड्यांवरून समजते. ५० एमईव्ही, म्हणजे ५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन थांबवायला सुमारे १ सेंटिमीटर ॲल्युमिनियम पुरते. १०० एमईव्हीसाठी जवळजवळ ४ सेंटिमीटर लागते. १००० एमईव्हीच्या प्रोटॉनला अडवायला मात्र दीड मीटरच्या आसपास जाडी हवी. इतके वजन कोणताही अग्निबाण उचलणार नाही. शिवाय तेवढ्या अंतरात प्रोटॉनच्या वाटेत केंद्रक येण्याची शक्यता खूपच मोठी, म्हणजे कवच स्वतःच नव्या कणांचा झरा होणार. सौर प्रोटॉनांवर पत्रा चांगला चालतो, पण आकाशगंगेतून येणाऱ्या किरणांवर तो फारसा चालत नाही.

ही सगळी आकडेमोड आज तयार संगणकप्रणाली करतात. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय गटाने घडवलेली जिअँट-४ ही त्यांतली सर्वांत परिचित. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९८ मध्ये आली. फ्लुका, जपानमधली फिट्स आणि नासाची एचझेडईटीआरएन या इतर प्रणाली. जिअँट-४ मध्ये यानाचा प्रत्येक भाग आकारासह आणि पदार्थासह मांडायचा, त्यावर कणांचा वर्षाव करायचा आणि हव्या त्या जागी काय पोहोचते ते मोजायचे.

चिपमध्ये काय बिघडते

प्रारणाचे परिणाम तीन प्रकारचे. एक, हळूहळू साठत जाणारा आयनीकरणाचा डोस. ट्रान्झिस्टरमधल्या ऑक्साइडच्या थरात भार अडकत जातो आणि कालांतराने त्याचे गुणधर्म बदलतात. दोन, स्फटिकातले अणू जागचे हलणे. सौरपट्ट्या आणि कॅमेऱ्याचे संवेदक त्याने मंदावतात. तीन, एकाच कणामुळे होणारा तडकाफडकी परिणाम. कणाच्या मार्गात सुटलेला भार स्मृतीच्या पेशीत जमतो आणि ० चा १ किंवा १ चा ० होतो. कधी चिपमध्ये अडकून पडणारा शॉर्ट सर्किट होतो आणि वीजपुरवठा वेळीच तोडला नाही तर चिप जळते.

एका कणाने उपग्रहाच्या सर्किटमध्ये गडबड होते, हे १९७५ मध्ये बाइंडर, स्मिथ आणि होलमन यांनी दाखवले. एका दळणवळण उपग्रहातल्या अकारण घडलेल्या घटनांचा माग काढताना त्यांचे बोट वैश्विक किरणांतल्या जड केंद्रकांकडे गेले. प्रोटॉनांवर तेव्हा संशय नव्हता. एकटा प्रोटॉन चिपमध्ये इतका कमी भार सोडतो की त्या काळच्या पेशीला तो धक्काही देऊ शकत नव्हता. तरीही १९७९ पर्यंत प्रयोगांत दिसले की प्रोटॉनांच्या झोतातही स्मृती पालटते. कारण पुन्हा केंद्रकीय टक्कर. प्रोटॉन सिलिकॉनच्या केंद्रकावर आदळला की, उदाहरणार्थ, एक अल्फा कण आणि मॅग्नेशियमचे केंद्रक सुटते. मॅग्नेशियमचा हा तुकडा चिपमध्ये काही मायक्रोमीटरच जातो, पण तेवढ्यात आपली सारी ऊर्जा तिथेच ओततो. ५ मायक्रोमीटर जाडीच्या संवेदनशील थरातून जाताना अशी टक्कर लाखात एखाद्याच प्रोटॉनची होते. आतल्या पट्ट्यातून जाणाऱ्या उपग्रहावर प्रोटॉनच इतके पडतात की लाखात एक हेही पुष्कळ झाले.

चिप बारीक होत गेल्या तसे हे गणित अधिक नाजूक झाले. आधुनिक चिपमध्ये थरांना जोडायला टंगस्टन वापरतात. त्याचे जड केंद्रक फुटले तर सिलिकॉनमधून निघतात त्याहून जड तुकडे निघतात. चिपमध्ये फक्त सिलिकॉनच आहे असे धरून केलेले अंदाज त्यामुळे कमी पडतात. चिपच्या थरांचा नकाशा प्रतिमानात बारकाईने घ्यावा लागतो तो यासाठी.

खानदेशातले दोन दगड

प्रतिमान बरोबर आहे की नाही, हे तपासायला निसर्गाने एक साधन दिले आहे, ते म्हणजे उल्का. कोट्यवधी वर्षे अवकाशात फिरलेला दगड म्हणजे वैश्विक किरणांखाली ठेवलेला पदार्थाचा नमुनाच. अशा दोन दगडांची नोंद खानदेशच्या नावावर आहे. १८४३ मध्ये पूर्व खानदेशात, आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगर म्हणजे जुन्या एदलाबादच्या परिसरात, माणेगाव येथे एक दगड पडला. तो डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारातला आहे. या प्रकारातले दगड व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहावरून आल्याचे मानले जाते. २०११-१२ मध्ये नासाच्या डॉन यानाने व्हेस्टाभोवती फिरून घेतलेल्या निरीक्षणांनी त्याला बळ दिले. दुसरा दगड १८७७ मध्ये धुळे परिसरात पडला. तो भगूर या नावाने नोंदला आहे आणि सर्वसाधारण कॉन्ड्राइट वर्गातला आहे. दोन्हींचे जतन झालेले तुकडे अगदी थोडे.

अशा दगडात वैश्विक किरणांनी सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह यांची केंद्रके फोडून नवी समस्थानिके तयार केलेली असतात. निऑन-२१ टिकून साठत जातो. ॲल्युमिनियम-२६ सुमारे ७ लाख वर्षांत निम्मा होतो, तर बेरिलियम-१० सुमारे १४ लाख वर्षांत. ही समस्थानिके किती आहेत ते मोजायचे, ती वर्षाला किती तयार होतात ते प्रतिमानातून काढायचे आणि भागाकार करायचा, की दगड उघड्या अवकाशात किती काळ होता ते कळते. व्हेस्टाकडून आलेल्या अनेक दगडांची अशी वये सुमारे २.२ कोटी आणि ३.८ कोटी वर्षांभोवती गोळा होतात. व्हेस्टावर तेव्हा मोठे आघात होऊन ते दगड सुटले असावेत, असा त्याचा अर्थ लावतात.

यानाच्या अभियंत्याला यातली वेगळीच गोष्ट उपयोगाची. दगडाच्या पृष्ठभागापासून आत जावे तसे अनेक समस्थानिकांचे प्रमाण आधी वाढते आणि मग उतरते. वरच्या थरात सुटलेले न्यूट्रॉन आत जाऊन पुन्हा केंद्रके फोडतात, म्हणून सर्वाधिक परिणाम पृष्ठभागाच्या खाली दिसतो. काही सेंटिमीटरचे कवच मारा वाढवूही शकते, याचा हा पुरावा दगडातच नोंदलेला आहे. हेच चित्र प्रयोगशाळेत तपासण्यासाठी फ्रान्समधल्या साक्ले येथील त्वरकावर संशोधकांनी २५ सेंटिमीटर त्रिज्येचा गॅब्रो दगडाचा गोळा घेतला आणि तो सर्व बाजूंनी फिरवत १६०० एमईव्हीच्या प्रोटॉनांचा मारा केला. या कृत्रिम उल्केतून मिळालेले आकडे प्रतिमाने पारखण्यासाठी वापरले जातात.

मुंबई आणि पुणे

महाराष्ट्रात या विषयाची मुळे जुनी आहेत. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये वैश्विक किरणांच्या इलेक्ट्रॉन-वर्षावाचे गणित मांडले. एका कणापासून कणांची रास कशी तयार होते, हे त्यात पायरीपायरीने होते. भाभांनी १९४५ मध्ये उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वैश्विक किरणांचा अभ्यास पुढे चालवला. १९८५ मध्ये चॅलेंजर यानातून स्पेसलॅब-३ मोहिमेवर गेलेले 'अनुराधा' हे उपकरण याच संस्थेचे. त्यात प्लॅस्टिकच्या पत्र्यांच्या थप्पीवर वैश्विक कणांचे माग नोंदले गेले.

संस्थेच्या कुलाब्याच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा संयुक्त पेलेट्रॉन त्वरक १९८९ पासून चालू आहे. १४ दशलक्ष व्होल्टच्या या यंत्रातून जड आयनांचे झोत मिळतात. उपग्रहासाठीच्या चिपवर असे झोत सोडून ती कोणत्या कणाला दगा देते ते पाहता येते. या ऊर्जेचे आयन सिलिकॉनमध्ये काही दशक मायक्रोमीटरच शिरतात. म्हणून चाचणीआधी चिपचे वरचे आवरण काढून ती उघडी करावी लागते, मग निर्वात कक्षात ठेवून झोताखाली आणली जाते आणि बाहेरच्या संगणकावर तिच्या स्मृतीतले पालटलेले आकडे मोजले जातात. प्रतिमानाला लागणारी सुरुवातीची माहिती अशा मोजणीतून मिळते.

प्रत्यक्ष कक्षेतला पडताळा ॲस्ट्रोसॅटने दिला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी निघालेला हा भारतीय उपग्रह ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कोन करून फिरतो. कोन इतका कमी ठेवल्याने दक्षिण अटलांटिकच्या सर्वांत वाईट भागाला तो केवळ कडेने शिवतो. त्यावरचे सीझेडटीआय हे क्ष-किरण उपकरण टाटा संस्थेच्या नेतृत्वाखाली घडले. सोबत तिथलाच एक भारित कण मापक आहे. प्रोटॉनांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्याच्या इशाऱ्यावर उपकरणे सुरक्षित अवस्थेत जातात.

सीझेडटीआयच्या नोंदींत एक विलक्षण गोष्ट दिसते. वैश्विक किरण यानाच्या सांगाड्यावर आदळला की सुटलेल्या कणांचा आणि किरणांचा घोळका शोधकावर एकदम येतो. काही लाखांश सेकंदांत अनेक पिक्सेल पेटतात. दूरच्या ताऱ्याकडून आलेले क्ष-किरण असे घोळक्याने येत नाहीत. म्हणून पुण्याच्या आयुका संस्थेतल्या केंद्रात माहितीवर प्रक्रिया होताना हे घोळके ओळखून गाळले जातात. आयुका आणि आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांच्या गटाने सबंध ॲस्ट्रोसॅटची प्रतिकृती जिअँट-४ मध्ये उभी केली. ती मुख्यतः बाजूने येणाऱ्या गॅमा-किरण स्फोटांसाठी वापरतात. यानाचा कोणता भाग किरणांना किती अडवतो, कुठे विखुरतो, हे त्यातून कळते.

माणूस आणि कवच

क्युरिऑसिटी यान २०११-१२ मध्ये मंगळाकडे जाताना त्याच्या पोटातल्या मापकाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट डोस नोंदला. पृथ्वीवर माणसाला नैसर्गिक प्रारणातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. म्हणजे मंगळाच्या वाटेवर वर्षभराचा डोस दीड दिवसाच्या आतच पुरा होतो.

कवचाच्या पदार्थाची निवड इथे निर्णायक ठरते. हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन असतो. त्यातून न्यूट्रॉन सुटत नाहीत की जड तुकडे निघत नाहीत, आणि येणारी जड केंद्रके वजनाच्या मानाने तो अधिक फोडतो. म्हणून हायड्रोजन भरपूर असलेले पॉलिथिलीन आणि पाणी हे ॲल्युमिनियमपेक्षा सरस ठरतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या झोपण्याच्या जागांना पॉलिथिलीनचे अस्तर दिलेले आहे. चिपसाठी उपाय वेगळे : चुकलेला आकडा दुरुस्त करणारे संकेतांक, तीन समांतर सर्किटांतून बहुमताने उत्तर घेणे, प्रवाह वाढताच वीज तोडणारे स्विच. कोणता उपाय कुठे आणि किती लावायचा हे टकरींच्या गणितावरून ठरते.

हे गणित अजून पूर्ण झालेले नाही. वेगवेगळ्या प्रणालींचे अंदाज काही तुकड्यांच्या बाबतीत दुपटीनेही वेगळे येतात. जड केंद्रकांच्या टकरींतून सुटणाऱ्या हलक्या कणांची मोजमापे उच्च ऊर्जेवर अपुरी आहेत. त्यामुळे अभियंते अंदाजावर सुरक्षेसाठी वाढीव भर घालतात. त्या भरीचे वजन यानाला वाहावे लागते. प्रतिमान जितके अचूक, तितके हे वजन कमी.

या विषयात शिरायला मोठ्या शहरात किंवा मोठ्या प्रयोगशाळेत असणे आवश्यक नाही. जिअँट-४ मोफत मिळते आणि साध्या संगणकावर चालते. युरोपीय अंतराळ संस्थेची स्पेनव्हिस ही प्रणाली नावनोंदणी करून कुणालाही वापरता येते. कक्षेची उंची आणि कोन दिला की त्या कक्षेत उपग्रहावर किती कण पडतील ते ती सांगते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ३ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्यापासून सुरुवात करावी, त्यावर हजार प्रोटॉन सोडावेत आणि सात-आठ टकरी मिळतात का ते स्वतः मोजून पाहावे.